दोन गाण्यांमधली फट

२०२४ च्या श्रावणातल्या एका सोमवारी, उपास सोडता सोडता, आमच्या नातीने जाहीर केलं, "मला डीजे शिकायचंय. त्यासाठी एक कंट्रोलर घ्यायचाय."

सौ.च्या हातातली पळी डाळिंबीच्या उसळीवर तशीच थांबली.

याचं कारण असं, की महाराष्ट्रात डीजे हा माणूस नसतो, वस्तू असते. डीजे 'येतो', डीजे 'लागतो' आणि पोलीस आले की डीजे 'बंद पडतो'. ट्रकवर रचलेली स्पीकरांची ती भिंत रस्त्याने निघाली, की खिडकीची तावदानं, फळीवरचे डबे आणि ज्येष्ठ नागरिकांच्या छात्या ही तिन्ही एकाच ठेक्यात थरथरू लागतात. २००० साली आपल्या सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली आहे. खरं सांगायचं तर, या ४५ डेसिबलमध्ये आमच्या सौ.ची 'अहो' ही साधी हाकसुद्धा बसत नाही. तिथे भिंतीचं काय घेऊन बसलात!

"अगं, पण ठेवणार कुठे?" सौ. म्हणाली. "बाल्कनीत माझी तुळस आहे."

"आजी, डीजे म्हणजे मी," नात म्हणाली. "आणि कंट्रोलर एवढासा असतो." तिने हाताने माप दाखवलं. साधारण जेवायच्या पाटाएवढं होतं. तिने शिकवण्या करून आणि भाऊबीजेचे जमवून अठरा हजार रुपये साठवले होते, हेही त्याच वेळी उघड झालं.

आमचे चिरंजीव आतापर्यंत ताक पीत होते. वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "गाणी एकामागून एक लावायची, यात शिकायचं काय असतं? आणि एकामागून एक गाणी लावून कुणाचं पोट भरलंय?"

माझा घास हातातच राहिला. हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. शब्द थोडे इकडेतिकडे असतील, पण चाल तीच. स्थळ गिरगावातली चाळ, साल १९७३, वक्ते आमचे वडील.

त्या साली मी बावीस वर्षांचा होतो, बँकेत नुकताच चिकटलो होतो, आणि चाळीच्या गणेशोत्सवात रेकॉर्डी लावण्याचं खातं माझ्याकडे होतं. लाउडस्पीकरवाला दोन कर्णे, एक अँप्लिफायर, एक माइक आणि एक रेकॉर्डप्लेअर ठेवून जाई. एकच. त्यामुळे एक गाणं संपलं की सुई उचला, रेकॉर्ड काढा, पाकिटात घाला, दुसरी काढा, सदऱ्याच्या बाहीने पुसा आणि लावा. हा सगळा विधी मी चाळीस सेकंदांत उरकत असे. पण त्या चाळीस सेकंदांवर टपून बसलेली माणसं चाळीत थोडी नव्हती. गाण्याचा शेवटचा सूर विरायच्या आत सेक्रेटरी माझ्या हातातला माइक ओढून घेत आणि सांगत, "एक निळ्या रंगाची चप्पल सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी." पुढच्या फटीत खजिनदार वर्गणी थकलेल्यांची नावं वाचत. एकदा माझ्या हातून रेकॉर्ड निसटली आणि फट सव्वा मिनिटाची झाली, तर तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी गीतेतल्या कर्मयोगाला हात घातला. तो आरतीपर्यंत सुटला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात एक कल्पना आली. मित्राच्या घरी फिएस्टा रेकॉर्डप्लेअर होता. तो आणून शेजारी ठेवला, तर पहिल्यावरचं गाणं संपताच दुसऱ्यावरचं सुरू करता येईल. फटच राहणार नाही! मी तो घेऊनही आलो. वडील ओटीवर उभे होते. म्हणाले, "बँकेतला माणूस तू. दोन-दोन रेकॉर्डी लावून कुणाचं पोट भरलंय?" फिएस्टा आल्या पावली परत गेला. पुढच्या वर्षी मी खजिनदारांचा मदतनीस झालो.

तर सांगायचा मुद्दा, चिरंजीवांच्या त्या वाक्याने मला पुन्हा ओटीवर नेऊन उभं केलं. मी म्हटलं, "प्रकरण माझ्याकडे द्या. मी चौकशी करतो." बँकेत मी छत्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले. अर्जदार कोण, त्याचे वाडवडील कोण, आजवरचा व्यवहार कसा, हे पाहिल्याशिवाय शेरा मारायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली. म्हणून कंट्रोलर कुठला घ्यावा, हे ठरवण्याआधी मी त्याचं कुळ शोधायला बसलो.

कुळ मोठं निघालं. मूळ पुरुष एडिसन. त्याने १८७७ साली आवाज नळकांड्यावर पकडला. दहा वर्षांनी बर्लिनरने नळकांड्याची तबकडी केली. १९०२ साली ती कलकत्त्याला पोचली आणि गोहरजान तिच्यासाठी गायल्या. गाणं तीन मिनिटांत बसवायचं आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायचं, अशी त्यांची रीत. म्हणजे गाणं संपताच सूचना देण्याची प्रथा आमच्या चाळीने सुरू केली नव्हती, एवढं तरी माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

पुढे रेडिओ आला आणि त्यावर तबकड्या लावणाऱ्याला अमेरिकेत 'डिस्क जॉकी' म्हणू लागले. जॉकी म्हणजे शर्यतीतल्या घोड्यावरचा स्वार. डीजे हे त्याचंच लघुरूप. आमच्या पिढीला या जातीचा एकच स्वार ठाऊक होता, अमीन सयानी. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. दोन गाण्यांमधली फट ते आपल्या आवाजाने अशी भरत, की पुष्कळदा गाण्यापेक्षा फटच ऐकावीशी वाटे. पण ऐकणाऱ्याचं ठीक आहे, तो खुर्चीत असतो. नाचणाऱ्याचं काय? गाणं थांबलं की त्याचे पाय अधांतरी राहतात.

हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये सुटला. १९६९-७० च्या सुमारास तिथे एका जुन्या चर्चमध्ये नाचघर काढलं होतं. त्याचं नाव सँक्च्युअरी, म्हणजे देवाचा गाभारा! तिथे फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण दोन रेकॉर्डप्लेअर घेऊन बसे. एकावरचं गाणं सगळ्यांना ऐकू येई. दुसऱ्यावरचं, म्हणजे पुढचं, फक्त त्यालाच, हेडफोनमधून ऐकू जाई. खालची थाळी फिरत असे, पण वरची रेकॉर्ड तो अंगठ्याने दाबून धरी. दोन्हींचा ठेका जुळला, सम आली, की बोट सोडून देई. लोकांना गाणं बदललेलं कळे, पण ते बदललं केव्हा हे कळत नसे. वारीतल्या टाळकऱ्याला यातलं मर्म पटकन समजेल. एक अभंग संपून दुसरा सुरू होतो, पण टाळ थांबत नाही आणि पाऊलही थांबत नाही.

मात्र दोन गाणी मुळात एका चालीची नसतात. एकाचे मिनिटाला १२० ठोके, दुसऱ्याचे १२६. म्हणजे एका टांग्याला दोन घोडे, आणि एक जरा तरणाबांड. तेव्हा १२० वाल्याला पाच टक्के टाच मारावी लागते. ही सोय देणारं यंत्र जपानातून आलं. आपल्याकडे आखातातून आलेला पाहुणा ज्या 'नॅशनल पॅनासोनिक'चा टेपरेकॉर्डर पिशवीतून आणायचा, त्याच मात्सुशिता कंपनीने १९७२ साली 'टेक्निक्स एसएल-१२००' हा रेकॉर्डप्लेअर काढला. तोवर पुष्कळ प्लेअरांच्या थाळ्या रबरी पट्ट्याने फिरत. पट्टा ताणला की गाणं दमेकऱ्यासारखं होई. याची थाळी मोटारीवरच बसवलेली होती. हात लावून थांबवा, सोडा, लगेच वेगात येई. १९७९ च्या सुधारलेल्या आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत वरखाली करणारी लांब सरकती दांडीही आली. कंपनीने तो घरी बसून निवांत गाणी ऐकणाऱ्या सद्गृहस्थांसाठी बनवला होता. पण नाचघरवाल्यांनी तो पळवला. आपल्याकडे पंजाबात लस्सी घुसळायला कपडे धुण्याचं मशीन वापरतात म्हणे. वस्तू कशाला वापरायची हे कारखानदार ठरवत नाही, गरजू ठरवतो.

आता ज्या नोंदीपाशी माझी पेन्सिल थांबली, ती सांगतो. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, १५२० सेजविक अव्हेन्यू. आमच्या चाळीची उंच बहीण शोभेल अशी भाडेकरूंची इमारत. जमैकाहून आलेल्या एका कुटुंबातल्या सिंडी कॅम्बेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे हवे होते. म्हणून तिने इमारतीच्या सार्वजनिक खोलीत नाचाची संध्याकाळ ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलग्यांना पन्नास. रेकॉर्डी लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. त्यालाच पुढे जग 'कूल हर्क' म्हणू लागलं. नाचणारी मुलं गाण्यातल्या एका तुकड्याची वाट पाहतात, हे त्याने हेरलं होतं. गायक गप्प होतो आणि नुसता ताल उरतो, तो तुकडा. पण तो काही सेकंदांतच संपतो. हर्कने एकाच रेकॉर्डीच्या दोन प्रती दोन प्लेअरांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच, तोवर पहिली उलट फिरवून पुन्हा तयार. सेकंदांची मिनिटं झाली. हिपहॉप नावाचं जे जगभर पसरलेलं प्रकरण आहे, त्याचा वाढदिवस म्हणून लोक हीच तारीख मानतात.

मी चष्मा काढून पुसला. म्हणजे काही आठवड्यांच्या फरकाने, एकाच वर्षी, जगाच्या दोन टोकांना, भाड्याच्या दोन इमारतींत, दोन मुलगे दोन रेकॉर्डप्लेअर शेजारी ठेवायला निघाले होते. (त्याच्या डोक्यात होतं ते माझ्या डोक्यात होतं असं मी म्हणत नाही. माझ्या डोक्यात फक्त कर्मयोग टाळणं होतं.) एकाने त्या फटीत नाच भरला. दुसऱ्याने फिएस्टा परत केला.

पुढची नोंद तर त्याहून बोचणारी. त्याच ब्राँक्समध्ये, दोन-तीन वर्षांनी, थिओडोर नावाचा एक शाळकरी पोरगा आपल्या खोलीत मोठ्याने गाणी लावून बसला होता. आई दार उघडून ओरडली, आवाज कमी कर! तिचं ऐकताना त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि नकळत मागेपुढे हलवली. 'खर्रक-खर्र' असा आवाज निघाला. आई गेल्यावर त्याने तो आवाज पुन्हा काढून पाहिला, घोटला, आणि त्यातून 'स्क्रॅच' नावाची नवी करामत जन्माला आली. आईने ओरडल्यामुळे लागलेला हा बहुधा एकमेव शोध असावा. माझ्याही बाबतीत वडील ओरडले होतेच. फरक इतकाच, की त्या पोराने रेकॉर्ड धरून ठेवली आणि मी सोडली.

असो. चौकशी पुढे चालू. १९८२ साली सीडी बाजारात आली आणि डीजेंची पंचाईत झाली, कारण सीडी यंत्राच्या पोटात जाते, तिला हात लावता येत नाही. हाताला काम हवं, म्हणून २००१ साली पायोनियरने सीडीजे-१००० या यंत्रावर रेकॉर्डीसारखी फिरवता येणारी चकती बसवली. नंतर गाणी संगणकात गेली. २००४ साली न्यूझीलंडच्या सेराटो कंपनीने अशी तबकडी काढली, की जिच्यावर गाणंच नाही, फक्त खुणेचा आवाज. तबकडी फिरवली की संगणकातलं गाणं तिच्या तालावर नाचे. आणि २००३ सालीच फ्रान्सच्या हर्क्युलिस कंपनीने दोन चकत्या, दांड्या आणि बटणं एकाच फळीवर बसवून ती संगणकाला जोडली होती. आमच्या नातीला हवा असलेला कंट्रोलर तो हाच. त्याच्या पोटात गाणं नसतं. गाणी लॅपटॉपमध्ये, कंट्रोलर म्हणजे नुसते हात. चूल गेली, गॅस आला, तरी आपण 'चूल पेटवली' म्हणतो ना, तशा त्या दोन चकत्या. खाली तबकडी नाही, पण हाताला सवय तबकडीची.

कुळ कळलं, तशी मी नातीला समोर बसवून चार कलमी टिपण काढलं.

कलम पहिलं : एका कानाची सोय. मघाशी सांगितलेला ग्रासोचा सगळा खेळ हेडफोनवर होता. लोकांना एक गाणं आणि आपल्या कानात दुसरं, यासाठी आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा लागतात, आणि त्या देणारं साउंडकार्ड कंट्रोलरच्या आतच हवं. खेळण्यातल्या स्वस्त फळ्यांमध्ये कधी कधी नेमकं तेच नसतं. नुसते दिवे असतात.

कलम दुसरं : दोनच गाण्यांची सोय असलेला घ्यावा. आम्ही एका दुकानात गेलो, तिथल्या तरुणाने चार गाणी एकदम वाजवणारा दाखवला. त्यावर एवढे दिवे लागले, की क्षणभर मला हात जोडावेसे वाटले. नातीचेही डोळे लकाकले. मी तिला विचारलं, "तुला दोन हात आहेत की चार?" शिकताना दोन गाणी जुळवता आली, तर देव पावला. चार वाजवणारा म्हणजे स्वयंपाक शिकायला निघालेल्या मुलीला लग्नाचा मुदपाकखाना आंदण देणं.

कलम तिसरं : सोबत येणारं सॉफ्टवेअर. गोम इथे असते. काहींबरोबर सेराटोची छोटी आवृत्ती फुकट मिळते आणि मोठीचे पैसे निराळे पडतात. पायोनियरच्या बऱ्याच कंट्रोलरांना त्यांचं रेकॉर्डबॉक्स वेगळे पैसे न देता चालतं. हर्क्युलिसच्या 'इनपल्स' मालिकेत ठेका जुळवायला दिव्यांचे बाण आहेत, पुढे धाव किंवा मागे सर असं सांगणारे. आणि आपला लॅपटॉप हे ओझं ओढेल का, ते आधी पाहावं. बैलाची ताकद बघून गाडी घ्यायची.

कलम चौथं : 'सिंक' नावाचं बटण. ते दाबलं की यंत्र दोन्ही गाण्यांची लय आपणच जुळवतं. ते बहुतेकांत असतंच, आणि त्यात पाप काही नाही. पण पहिले तीन महिने त्यावर चिकटपट्टी. पाढे आल्याशिवाय कॅल्क्युलेटर नाही. म्हणून वेगाची दांडी जेवढी लांब तेवढी बरी, लहान दांडीवर केसभर सरकवायला जावं तर गाणं कोसभर पळतं.

या चार कलमांना उतरलेला निघाला पायोनियरचा डीडीजे-४००. हे मॉडेल २०१८ चं. त्याची जागा आता एफएलएक्स-४ ने घेतली आहे, आणि नवा घ्यायचा तर नवशिक्याने तोच पाहावा. पण आमच्या ऐपतीत जुना बसत होता. जर्मनीला शिकायला निघालेला एक मुलगा आपला विकत होता. आम्ही त्याच्या घरी गेलो, आणि जुनी स्कूटर बघावी तसा मी तो पाहिला. प्रत्येक दांडी गाणं चालू असताना वरखाली करून, खरखर येते का ते ऐकलं. दोन्ही चकत्या फिरवल्या. हेडफोनची खाच हलवून पाहिली. मुलगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही डीजे आहात का?" मी म्हटलं, "होता होता राहिलो."

चिरंजीवांना मी लेखी शेरा दिला. अर्जदार विश्वासू, रक्कम स्वतःची, जामीन आजोबा. हेडफोन माझ्याकडून. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाबा, मला तुम्ही गिटार घेऊ दिली नव्हती." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच दिली नव्हती. आणि वाक्यही बहुधा तेच वापरलं होतं.

पुढचे तीन महिने आमच्या घरी दोन टांगे एकाच गल्लीत घुसल्याचा आवाज येत असे. गाणी जुळत, सुटत, एकमेकांच्या अंगावर पडत. सौ. कापसाचे बोळे शोधी. मग एका दुपारी नातीने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला, पण एकच कान झाकला. उघड्या कानाने खोलीत चाललेलं गाणं, झाकलेल्या कानात अजून कुणालाच ऐकू न आलेलं पुढचं. "दोन्ही ऐका हं," ती म्हणाली. "नुसतं पुढचं ऐकलं की हातातलं बिघडतं. नुसतं चाललंय ते ऐकलं की पुढचं चुकतं." एकविसाव्या वर्षी हे या पोरीला कळलं. मला, तिच्या बापाला आणि ओटीवरच्या माझ्या वडिलांना ते कळायला एकेक हेडफोन हवा होता.

२०२५ साली आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. छोटा हॉल, घरचीच माणसं, आणि संगीत नातीकडे. आमचे मेहुणे चार पानी भाषण लिहून आले होते आणि माइकशेजारी उभे राहून फटीची वाट पाहत होते. फट काही येईना. एका गाण्याच्या पोटातून दुसरं निघे, दुसऱ्यातून तिसरं. मेहुणे दर वेळी पाऊल पुढे टाकत आणि मागे घेत. शेवटी लांबून पाहणाऱ्याला ते नाचताहेत असंच वाटू लागलं. चिरंजीव खुर्चीवर बसून होते, पण त्यांचा बूट ठेका धरत होता.

मग नातीने दोन्ही दांड्या हळूच खाली आणल्या. हॉल शांत झाला. मेहुणे सरसावले, पण तिने माइक माझ्या हातात दिला. "आजोबा, ही फट तुमची."

बावन्न वर्षांनी माइक माझ्या हातात आला होता आणि ओढून घ्यायला सेक्रेटरी हयात नव्हते. मला काही सुचेना. घसा खाकरून मी म्हणालो, "एक निळ्या रंगाची चप्पल सापडली आहे."

चाळीतली जी दोन-चार जुनी माणसं आली होती, ती हसता हसता डोळे पुसू लागली. बाकीचे वाकून आपापले पाय बघत होते. तेवढ्यात नातीने कानावरचा हेडफोन सारखा केला, आणि पुढचं गाणं नेमकं समेवर आलं.